शेतवाट्याची भाजी घरी आली, आता पुढे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी सकाळी शहापूर-मुरबाडकडून टेम्पो आला की दुपारपर्यंत वाटेकऱ्यांचे फोन सुरू होतात. नवीन माणसाला हे प्रश्न पडणारच. ठाण्यात वाढलेल्या अनेकांनी कंटोळी कधी हातात घेतलेली नसतात आणि सुरणाला हात लावायचा म्हणजे धास्तीच वाटते. वर्षभर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नव्या वाटेकऱ्यांनी निदान पहिली तीन तरी वाचावीत.

शेतवाटा म्हणजे भाजीची ऑर्डरच ना?

नाही. ऑर्डर दिली की आपल्याला हवं ते येतं. वाट्यात हंगामाचे पैसे पेरणीआधीच शेतकऱ्याच्या हातात जातात आणि मग शेतात जे पिकेल त्यातला ठरलेला हिस्सा दर आठवड्याला आपल्याकडे येतो. बियाणं आणि मजुरीसाठी त्याला उसनवारी करावी लागत नाही. पीक उत्तम आलं तर टोपली ओसंडते, पावसाने झोडपलं तर ती हलकी येते आणि ते नुकसान आपण सगळे मिळून सोसतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या घरांनी शेतकऱ्यांशी असं थेट नातं जोडलं. तिथे त्याला तेइकेई म्हणतात. आपलाही वाटा त्याच विचाराचा आहे.

म्हणून आधी मेनू ठरवून मग भाजी आणायची सवय इथे उलटी करावी लागते. टोपली उघडायची आणि मग आठवड्याचा स्वयंपाक ठरवायचा. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, नंतर अंगवळणी पडतं.

टोपली घरी आल्या आल्या काय करायचं?

पहिला अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवा. तशीच ओट्यावर ठेवून बाहेर गेलात तर संध्याकाळी मेथी मान टाकलेली दिसेल.

सगळं जमिनीवर जुन्या चादरीवर पसरा. जुड्यांचे रबर किंवा दोरे आधी सोडा, कारण पालेभाजी कुजायला सुरुवात होते ती बांधलेल्या जागी. पिवळी, काळी पडलेली, चिरडलेली पानं काढून टाका. एक कुजकं पान अख्ख्या जुडीला लागतं. मुळा, गाजर, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करा. पाला तसाच राहिला तर तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत मुळा पोकळ, लिबलिबीत होतो. कापलेला पाला फेकायचा नाही. मुळ्याचा पाला त्याच संध्याकाळी हरभऱ्याची डाळ किंवा बेसन घालून परता.

एक गोष्ट मात्र करू नका: सगळी भाजी एकदम धुऊन ठेवू नका. ठाण्याच्या हवेत, त्यातही जून ते सप्टेंबर, ओलं काहीच नीट सुकत नाही आणि ओलाव्यावर बुरशी धरते. शिजवायच्या वेळी धुवा. मातीने फारच माखलेली पालेभाजी धुतलीच, तर पंख्याखाली पंचावर पसरून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय फ्रीजमध्ये जाऊ देऊ नका.

कुठली भाजी आधी संपवायची?

आधी पान, मग फळ, शेवटी कंद. फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा.

शनिवार-रविवार-सोमवार पालेभाज्यांचे. त्यातही चवळई, लाल माठ, अंबाडी, शेपू आधी. मेथी-पालक एखादा दिवस जास्त धीर धरतात. मग भेंडी, गवार, वांगी, काकडी, कंटोळी. आठवड्याच्या शेवटी दुधी, पडवळ, शिराळी, कोबी. लाल भोपळा, सुरण, कोनफळ, रताळी, अरवी यांना घाईच नाही. पुढची टोपली येईपर्यंत शुक्रवारी घरात काही उरलंय तर ते कंदच असले पाहिजेत. पान उरलं असेल तर आठवड्याची आखणी चुकली.

सगळं फ्रीजमध्येच ठेवायचं का?

सगळं नाही. फ्रीजमध्ये साधारण चार अंश तापमान असतं आणि उष्ण हवेत वाढणाऱ्या बऱ्याच भाज्यांना एवढी थंडी सोसत नाही. वांग्याच्या सालीवर डाग पडतात आणि आतल्या बिया काळ्या होतात, काकडी पाणचट होते, टोमॅटोची चव जाते. वांगी दोन-तीन दिवसांत संपवायची असतील तर बाहेर टोपलीत, हवेशीर जागी ठेवा. कच्चे टोमॅटो देठाकडची बाजू खाली करून बाहेरच पिकू द्या. अगदी मऊ झाले की मग फ्रीज. भेंडी कोरडी, कापडात गुंडाळून फ्रीजच्या सगळ्यात कमी थंड कप्प्यात, तीही तीन-चार दिवसच.

लाल भोपळा देठासकट अख्खा असेल तर कोरड्या जागी महिना-दोन महिने सहज राहतो. कापल्यावर मात्र आतला गीर आणि बिया लगेच खरवडून काढा, कारण कुजायला तिथूनच सुरुवात होते. मग फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. बिया धुऊन वाळवा.

सुरण, कोनफळ, रताळी: माती झटकायची, धुवायची नाहीत, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवायची. कांदा-लसूण सिंकखालच्या कपाटात ठेवू नका, तिथे दमट असतं. जाळीच्या पिशवीत टांगा. अलिबागचा पांढरा कांदा आपल्याकडे वेणीसकट येतो, ती वेणी तशीच खिळ्याला अडकवा.

पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो यांच्याजवळ पालेभाजी आणि काकडी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पालेभाजी पिवळी पडते. याच गुणाचा उपयोग उलटाही होतो: कच्चा पपई पिकवायचा असेल तर पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवा.

वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं तर चालतं ना?

घरोघरी करतात, पण आम्ही नको म्हणतो. छपाईच्या शाईतले घटक अन्नात उतरू शकतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका असं सांगत आलं आहे. ओलसर पालेभाजीला तर शाई सहज लागते. जुनी सुती साडी किंवा धोतर फाडून हातभर लांबीचे तुकडे करा. धुवा, वाळवा, वर्षानुवर्षं वापरा. कापड जास्तीचा ओलावा शोषतं आणि भाजीला कोरडंही पडू देत नाही.

कोथिंबीर आठवडाभर कशी टिकवायची?

मुळं थोडी ठेवून निवडा, धुवू नका. स्टीलच्या डब्यात तळाला कोरडं कापड, वर सैल पसरलेली कोथिंबीर, वर पुन्हा कापड, घट्ट झाकण. दोन दिवसांनी कापड ओलं लागलं तर बदला. कोवळे देठ बारीक चिरून आमटीत, जाड देठ वाटणात. कढीपत्त्याला हीच रीत. पुदिना मात्र आल्या दिवशीच वाटून चटणी करा.

पालेभाजीत मातीची कचकच लागते. किती वेळा धुवायची?

किती वेळा यापेक्षा कशी धुता ते बघा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, निवडलेली भाजी त्यात बुडवून हाताने खालीवर करा, मिनिटभर थांबा म्हणजे माती तळाला बसेल. आता पातेलं चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर तळाची सगळी माती पुन्हा भाजीवर येते. दोन्ही हातांनी भाजी पाण्यातून वर उचलून चाळणीत काढायची आणि पाणी कुंड्यांना घालायचं. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हेच. पावसाळ्यात तीन पाणी तरी लागतात.

साबण किंवा भांड्यांचं लिक्विड भाजीला लावू नका. फ्लॉवर आणि कोबीच्या गड्ड्यात अळी असू शकते. तुरे सुटे करून कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की अळ्या बाहेर येतात. आपल्या शेतांवर कीटकनाशकं फवारत नाहीत, तेव्हा एखादी अळी निघायचीच. तेवढा भाग कापून टाका, बाकी भाजी उत्तम असते.

पावसाळ्यात येणाऱ्या रानभाज्या ओळखूच येत नाहीत. त्यांचं काय करायचं?

या भाज्या शेतातल्या नाहीत. माळावरून, बांधावरून आणि जंगलातून वेचून आणलेल्या आहेत. आपल्या शेतांजवळच्या पाड्यांवरच्या मावशी त्या आणतात आणि त्यांचे पैसे त्यांना वेगळे दिले जातात. पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्यावर अशाच बायका पानांचे छोटे वाटे मांडून बसलेल्या दिसतात. टोपलीत आली नाही तर त्यांच्याकडून जरूर घ्या. भिऊ नका, विचारा. कशी करायची ते त्या अगदी नीट सांगतात.

टाकळा पहिल्या पावसानंतर कोवळा असतानाच खायचा. नुसती पानं घ्या, किंचित कडसर असतात; भरपूर कांदा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ किंवा मूगडाळ, वरून ओलं खोबरं. कुलू, म्हणजेच फोडशी, गवताच्या पातीसारखी दिसते. बुडख्याशी पांढऱ्या भागात माती अडकलेली असते, म्हणून पात सुटी करून धुवा आणि मधला निबर दांडा काढा. भजी आणि पीठ पेरलेली भाजी दोन्ही छान. भारंगीची पानं कडू. उकळून पाणी टाकून द्या, पिळा आणि मग वाल किंवा मूग घालून करा. कंटोळी चार-पाच दिवस टिकतात, पण आतून पिवळी-केशरी व्हायला लागली की बिया कडक होतात, तेव्हा हिरवी असतानाच काचऱ्या करा.

शेवळं सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात थोडे दिवस मिळणारी. जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येतात आणि बघता बघता संपतात. बाहेरची पानासारखी आवरणं काढायची. आत जो दांडा निघतो त्याच्यावरचा पिवळट दाणेदार भाग कापून टाकायचा, खाज त्यातच जास्त असते. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडं घालायची. काकडं म्हणजे शेवळांबरोबरच विकायला असणारी हिरवी आंबट फळं. ती ठेचून त्यांचा रस घालतात. नसतील तर चिंच सढळ हाताने. ठाण्यातल्या सीकेपी घरांत शेवळांची कणी अजून आठवणीने होते. शेजारी तसं घर असेल तर पहिली खेप त्यांच्याकडून शिकून घ्या.

आपली आपण येऊरच्या जंगलात फिरायला जाऊन रानभाजी तोडू नका. सारखी दिसणारी विषारी पानं असतात आणि ती ओळखणं फोटोवरून शिकता येत नाही.

सुरण, अळू, शेवळं खाजतात. का, आणि उपाय काय?

यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, ते त्वचेत आणि घशात टोचतात. चिरताना हाताला तेल लावा, हात कोरडे ठेवा. शिजवताना चिंच, आमसूल किंवा अंबाडे घाला आणि पूर्ण शिजवा. अर्धवट शिजलेलं अळू हमखास खवखवतं. अळूचं फदफदं आणि अळूवडी यांची पानं वेगवेगळी असतात. टोपलीवर तसं लिहून देतो.

अळूवडीची पानं जास्त आली तर सगळ्यांचे उंडे बांधून उकडून घ्या. गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवले तर महिनाभर राहतात आणि पाहुणे आले की कापून तळायचे.

दुधी कडू लागला तर?

हे उत्तर नीट वाचा. दुधी, काकडी, शिराळं, पडवळ यांपैकी कुठलंही फळ नेहमीपेक्षा कडू लागलं तर ते अख्खं टाकून द्या. त्यात कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि शिजवल्याने ते जात नाही. मीठ, गूळ, चिंच घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न करू नका. चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेवा, कडू लागला तर थुंकून टाका. कच्च्या दुधीचा रस पिणाऱ्यांनी तर हे दर वेळी करायचं. कडू रस प्यायल्यावर उलट्या-जुलाब होऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत, मृत्यूही झाले आहेत. कडू दुधी निघाला तर वाटेकऱ्यांच्या गटावर कळवा, त्या वेलावरची बाकी फळं थांबवता येतात. कारल्याचा कडूपणा नेहमीचा, त्याची काळजी नको.

ऑगस्टमध्ये नुसते वेलभाज्याच का? जांभळी नाक्यावर तर बारा महिने फ्लॉवर मिळतो.

जांभळी नाक्यावर वाशीच्या बाजारातून माल येतो आणि वाशीला नाशिक, पुणे, परराज्यातून. आपली भाजी दोनच तालुक्यांतली आहे. तिथे पावसाळ्यात खाचरांत भात असतो, मांडवावर पडवळ, शिराळी, घोसाळी, दुधी, काकडी आणि परसात भेंडी, लाल भोपळा. कोवळ्या पालेभाज्या त्या पावसात झोडपून कुजतात. भात निघाला की त्याच ओलीवर वाल आणि हरभरा पेरतात, बांधावर तूर असते, विहिरीला पाणी असेल तिथे वांगी, टोमॅटो, मुळा, मेथी. म्हणून डिसेंबर-जानेवारीत टोपली सगळ्यात सुंदर असते. भोगीच्या भाजीला लागणारा पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर सगळं त्या आठवड्यात द्यायचा प्रयत्न असतो. तसंच ऋषिपंचमीच्या आधी अळू, सुरण, पडवळ, शिराळी, लाल माठाचे देठ, मक्याची कणसं एकत्र बांधून येतात.

दर आठवड्याला पडवळ आलं म्हणून कंटाळू नका. पडवळाची डाळ घालून भाजी, पीठ पेरून, ताकातली कढी, कोवळ्याची दह्यातली कोशिंबीर, भरलेलं पडवळ. शिराळ्याच्या शिरा किसून तीळ-खोबऱ्याबरोबर खरपूस परतल्या की त्या चटणीपुढे भाजी फिकी पडते.

एप्रिल-मेमध्ये टोपली एवढी लहान का होते?

विहिरी आटतात म्हणून. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत आणि तिथलं पाणी मुंबई-ठाण्याकडे येतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागलेले असतात. आपण सकाळी नळ सोडतो तेव्हा हे लक्षात असू द्यावं, असं मला फार वाटतं. त्या दिवसांत भाजीसाठी पाणी मागणं आम्हाला पटत नाही. लाल माठ, थोडी काकडी, कैऱ्या, फणस, करवंदं, जांभळं आणि आधी वाळवून ठेवलेले वाल यांवरच मे महिना निघतो.

कैऱ्या, फणस, रातांबे (कोकमाची फळं) एकदम येतात. एवढ्याचं काय करू?

मेचं ऊन ही मोठी देणगी आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत तिचा उपयोग करून घ्या. कैरीच्या फोडी मीठ लावून कडक वाळवल्या की आंबोशी. वर्षभर आमटीला लागते. थोड्या कैऱ्यांचा मेथांबा आणि तक्कू करा, ते फ्रीजमध्येच ठेवा. लोणच्याला फोडी पुसून कोरड्या, बरणी उन्हात तापवलेली, मीठ हात न आखडता, आणि फोडींवर बोटभर तेल. लोणचं नासतं ते बहुतेक वेळा ओल्या चमच्यामुळे.

रातांब्यांची सालं काढून गरातून निघालेल्या रसात मीठ घालायचं, त्यात सालं बुडवायची आणि वाळवायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. काळीभोर, लवचिक आमसुलं होईपर्यंत हे चालतं. घराला गच्ची नसेल तर खिडकीच्या ग्रिलमध्ये पातळ फडकं बांधूनही जमतं.

फणस चिरताना हाताला, विळीला आणि खाली पसरलेल्या कागदालाही खोबरेल लावा. आठळ्या धुऊन सावलीत सुकवा. उकडून खा किंवा पावसाळ्यात पालेभाजीत घाला. करवंदांना वाट बघवत नाही, त्याच दिवशी खा.

फ्रीजरमध्ये काय ठेवता येतं?

मटार, तुरीचे दाणे, पावटा: उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून पूर्ण कोरडे, मग ताटात पसरून गोठवा आणि पिशवीत भरा. असं केल्याने दाणे सुटे राहतात. पालक उकळत्या पाण्यातून काढून पिळून गोळे करून. कडवे वाल मोड आणून सोलून ठेवले की बिरड्याची तयारी कधीही हाताशी.

भाज्या उकडून पाण्यासकट बाटलीत हवाबंद करून बाहेर ठेवण्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका. आंबट नसलेल्या पदार्थात, हवा नसताना बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्याचं विष वास-रंगावरून कळत नाही.

नव्या तांदळाचा भात गिचका होतो.

दिवाळीनंतर येणारा तांदूळ नवाच असतो, वाडा कोलमसुद्धा. त्याला पाणी कमी घाला. मऊभात, पेज, भाकरीचं पीठ यासाठी नवा तांदूळच हवा. मोकळा भात हवा असेल तर चार-सहा महिने जुना होऊ द्या. डबा कडक कोरडा, तांदळात वाळलेली कडुनिंबाची पानं, आणि पावसाआधी एकदा सावलीत पसरून टोके बघून घ्या.

चातुर्मासात आमच्याकडे वांगी आणि कांदा-लसूण चालत नाही.

वाटपाच्या जागी अदलाबदलीची टोपली असते. तुमचं नको ते त्यात ठेवा, त्यातलं हवं ते घ्या. बारा वाजता उरलेलं सोसायटीचे सुरक्षारक्षक आणि सफाई करणाऱ्या ताई नेतात.

सालं, देठ, कुजकी पानं कुठे टाकू?

आधी खाता येतं का बघा: दुधीच्या सालीची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं थालीपीठ, फ्लॉवरच्या कोवळ्या देठांची भाजी. बाकी ओल्या कचऱ्यात. खताचा खड्डा असलेल्या सोसायट्यांनी तिथे.

गणपतीत गावी जाणार आहोत. वाटा थांबवता येतो का?

पैसे आधीच शेतात गेलेले असतात, म्हणून रद्द करता येत नाही. पण तो आठवडा नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना देता येतो, किंवा पुढच्या महिन्यात एकदा दुप्पट घेता येतो. फक्त गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा, कारण शुक्रवारी दुपारी काढणी सुरू होते आणि तोडलेली भाजी वेलावर परत लावता येत नाही.